मलिद्याला रिटेक नसतो

कॅमेरा दिसला की मिलकाबाई डावा खांदा पुढे काढून उभ्या राहत. कॅमेरा कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न गौण होता. ओळखपत्राचा फोटो काढणाऱ्या रुमानियन गृहस्थाने त्यांना पुन्हा पुन्हा सरळ बसवले; तो काळ्या कापडाखाली शिरला की बाई पुन्हा वळत. अखेर तो हरला. त्यांच्या ओळखपत्रावरची बाई अशी दिसे, की जणू मागून कोणी हाक मारली आहे आणि थांबावे की निघावे हे तिचे अजून ठरलेले नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "वकीलसाहेब, तिसऱ्या रांगेतल्या बाईला समोरून कोण बघतंय? पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून दिसेल तेवढंच आपलं. खांदा काढला नाही तर माणसाचं फर्निचर होतं."

मी वकील नव्हतो. मुंबईस फोर्टमधील एका सॉलिसिटर-कचेरीत हेडक्लार्क होतो आणि इस्राएलात बेर्शेबास येऊन एका सरकारी गोदामाचा कारकून झालो. परंतु अर्ज, तक्रारी व नोटिसा लिहिण्याचे जे वळण हाताला लागले होते ते सुटले नाही. वस्तीतील ज्याला ज्याला या राज्याशी भांडायचे असे तो माझ्याकडे येई आणि मी त्याला इंग्रजीत भांडून देई. 'वकीलसाहेब' ही पदवी मिलकाबाईंनी थट्टेने दिली, लोकांनी ती गांभीर्याने घेतली, आणि पुढे पुढे मीही घेतली.

बाई मूळच्या अलिबागकडच्या. वडिलांच्या गिरणीच्या नोकरीपायी दादरला आल्या आणि तरुणपणीच एका स्टुडिओत समूहनृत्यात उभ्या राहिल्या. त्या काळी बऱ्या घरच्या मुली तिथे फिरकत नसत. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, समाजातल्या चार-दोन धीट मुली गेल्या, त्यांतली ही एक. नाव झाले नाही, पैसाही झाला नाही, परंतु नाच न चुकणारी बाई म्हणून बोलावणे येत राहिले. "मी रजपूत झाले, कोळीण झाले, अरबी शहजादीची दासी झाले," त्या सांगत. "एकदा तर मेमसाहेब झाले, तोंडाला पांढरं फासून. आमचीच तेवढी कधी झाले नाही." यजमान वारल्यावर मुलगी रूथ हिला घेऊन त्या इस्राएलात आल्या. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करीत, आणि रूथ त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर परिचारिका होती.

हे व्यक्तिचित्र मी आज लिहावयास घेतले त्याचे कारण लपवत नाही. आमच्या गावाबाहेरच्या वाळवंटात बासष्ट-त्रेसष्ट साली जो संगीतमय चित्रपट घेण्यात आला, त्याला आता अभिजात म्हणण्याची प्रथा पडली आहे. गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्राने लिहिले की, या देशातील प्रत्येक समाजाला त्या चित्रपटात स्थान मिळाले. माझी हरकत 'स्थान' या शब्दाला आहे. खुंटीला भिंतीत स्थान असते. त्या वर्तमानपत्राला मी लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. तेव्हा निदान स्वतःच्या भाषेत तरी साक्ष नोंदवून ठेवतो.

कथा अशी: निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे एका बोटीतून उतरतात, वाळवंटात गाव वसवतात, आणि शेवटी गावातल्या पहिल्या लग्नात प्रत्येक समाज आपापला नाच नाचतो. नायक तेल अवीवचा, नायिका तेल अवीवची. नायिकेची येमेनी मैत्रीण हीसुद्धा तेल अवीवचीच. तिला रोज सकाळी तपकिरी रंग लावीत. खऱ्याखुऱ्या येमेनी मुली त्याच चित्रीकरणावर पाण्याच्या बादल्या वाहत होत्या, आणि ही गोष्ट तिथे कोणाला चमत्कारिक वाटत नव्हती. मोरोक्कोचा माणूस खिसेकापू होता आणि तोच विनोदीही होता. भारतीयांच्या वाट्याला त्या लग्नगीताचे एक कडवे आले होते.

साहाय्यक दिग्दर्शक ऊरी नावाचा एक हसरा तरुण होता. तो आमच्या सिनेगॉगच्या आवारात एक ट्रंक घेऊन आला. तीत आरसे लावलेले घागरे, पितळी घंटा, लाल कुंकवाची डबी आणि एक रबरी नाग होता. बाईंनी नाग शेपटीला धरून वर उचलला.

"हा कोणाचा?"

"तुमचा," ऊरी म्हणाला. "भारताचा."

"बाबा रे, आमच्या अलिबागेत साप निघाला तर आम्ही बोंब मारतो. नाचत नाही." हे मी इंग्रजीत सांगितले. ऊरी पोट धरून हसला आणि नाग ट्रंकेत ठेवला. घागरे मात्र बाहेरच राहिले.

आता जे सांगतो ते आमच्या समाजाबाहेरच्या वाचकासाठी. त्या वर्षी आम्ही सारेच एका अपमानात जगत होतो. बेने इस्राएलांपैकी कोणाला इतर यहुद्याशी लग्न करायचे असेल तर आईची, आजीची, जमेल तितकी वरची वंशावळ तपासून पाहावी, असे देशाच्या मुख्य धर्मपीठाचे फर्मान निघाले होते. कोकणात शतकानुशतके शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांना आता विचारण्यात येत होते, की तुम्ही यहुदी कशावरून? रूथचे लग्न लेऑन नावाच्या रुमानियन विद्युत-कामगाराशी ठरले होते. धर्मपीठाच्या विवाहनोंदणी-कचेरीने ते अडवून ठेवले होते.

म्हणून बाईंनी ऊरीला सांगितले, "आम्ही नाचणार नाही. आमचा मलिदा दाखवा."

मलिदा म्हणजे एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने केलेले ताट. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची, वर पाच फळे आणि फुले. भोवती समाज बसतो, प्रार्थना चालवणारा हजान प्रत्येक फळावर ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो, आणि सर्वजण एलियाहूचे हिब्रू स्तोत्र गातात. लग्नापूर्वी, प्रवासापूर्वी, नवस बोलताना आम्ही तो करतो. जगातील दुसरा कोणताही यहुदी तो करीत नाही. "हे दाखवलं की कळेल," बाई मला म्हणाल्या. "ताट कोकणातलं आणि तोंडात हिब्रू. याच्यापरीस वेगळा पुरावा कोण काय देणार? तुमच्या अर्जानं नाही व्हायचं ते पिक्चरनं होईल. आणि मी मलिदा खोटा नाही करायची. रूथच्या नावानं नवस बोलायचाच आहे, तो तिथं बोलेन. कॅमेऱ्याला बघायचं तर बघू दे."

मी बाईंच्या वतीने अटी लिहून काढल्या. लुगडी आमची स्वतःची, घागरे नाहीत. कुंकू नाही. पुरुष म्हणून नट नकोत. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष आमच्यातले. कंपनीने सगळे मान्य केले, कारण त्यामुळे तिचा खर्च वाचत होता.

चित्रीकरणाच्या सकाळी पहिले भांडण फळांवरून झाले. ऊरीने मेणाची केळी आणली होती.

"मेणावर ब्राखा म्हणू?" बाईंनी विचारले. "खरं केळं आणा, नायतर घरी जाते."

दोन तास सगळे उन्हात बसून राहिलो. बाजारातून केळी, सफरचंद, संत्री, खजूर आणि एक कलिंगड आले. पोहे बाईंनी मुंबईच्या बहिणीकडून मागवलेले होते. मग आम्ही चटईवर बसलो, हजान गाऊ लागला, आणि मला एक गोष्ट दिसली जी आजही डोळ्यांपुढे आहे: बाईंनी त्या दिवशी खांदा काढला नाही. कॅमेरा चार हातांवर होता आणि त्या सरळ मांडी घालून, डोळे मिटून, घसा ताणून गात होत्या. आम्ही सगळेच तसे गायलो. ते नुसते चित्रीकरण राहिले नाही.

स्तोत्र संपले. दिग्दर्शक खुर्चीवरून ओरडला, "छान! पुन्हा एकदा!"

बाई पोहे वाटू लागल्या होत्या.

"पुन्हा कशाला?"

"कॅमेरा हलला."

"तुमचा हलला. आमचं झालं. एलियाहू हनावीला रिटेक नसतो." आणि त्यांनी दिग्दर्शकाच्या हातावर मलिद्याची मूठ ठेवली. तो खात खात आपल्या कॅमेऱ्याकडे गेला. दिव्यांची कामे करणारी पोरे दुसऱ्यांदा मागायला आली.

पुढच्या वसंतात चित्रपट बेर्शेबाला लागला. आम्ही ठेवणीतले कपडे करून गेलो. बाई रूथ आणि लेऑनच्या मध्ये बसल्या होत्या. लग्नगीत सुरू झाले, एकेक समाज नाचून गेला, आणि पडद्यावर आमची चटई आली. ताट आले. बाईंचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आला, कधी नव्हे तो समोरून. ओठ हलत होते. परंतु ऐकू येत होती बासरी, आणि तिच्यामागे घंटा. त्याच पितळी घंटा. स्तोत्राचा एक शब्द नव्हता. वरून खिसेकापूचा आवाज आला: "काय लोक आहेत! प्रत्येकाने आपापला देव बरोबर आणलाय!" आणि सभागृह हसले. मनापासून हसले, त्यात आकस नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना.

परतताना बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, जन्मभर मी दुसरीच्या गळ्यावर ओठ हलवले. गाणं मागनं भरतात हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? आणि मलाच कळू नये?"

"तुम्ही तेव्हा प्रार्थना करीत होता," मी म्हणालो.

"तीच तर चूक झाली."

परिणाम यायला आठवडाही लागला नाही. नोंदणी-कचेरीतील एका माणसाने रूथला विचारले, त्या ताटातल्या फळांना तुम्ही काय मागता? मग त्याने सौम्यपणे सुचवले की, एवढे ताणण्यापेक्षा शुद्धीच्या हौदात एक डुबकी घ्या, जशी यहुदी धर्मात नव्याने येणारी स्त्री घेते. उन्हाळ्याआधी लग्न लावून टाकू. लेऑनच्या आईला ही सूचना अतिशय सोयीची वाटली. रूथलाही वाटली. त्यावरून मायलेकींचा जो संवाद झाला तो माझ्यासमोर झाला. रूथ हिब्रूतच बोले, आई मराठीतच. मी दोघींचे मराठीत देतो.

"आई, नुसतं पाणी आहे ते."

"पाण्यात तू एकटी नाही जायची गो. माझी आई जाईल, तिची आई जाईल. नवगावच्या कबरस्तानात ज्या मातीत आहेत त्या सगळ्या ओल्या होतील. तू बाहेर येशील ती नवी कोरी यहुदी. मग मागं उरलो ते आम्ही कोण?"

"कोणी तसं म्हणत नाहीये."

"म्हणायला कशाला लागतंय? नाहलेली बाई सांगतेच, की आधी मळलेली होते."

"तुला सोपं आहे. तुझं लग्न झालंय."

"झालं. माझं ताट कोणी हुंगून बघितलं नव्हतं."

तेव्हा रूथ जे बोलली ते तिने बोलायला नको होते. "ताट तूच दाखवलंस. साऱ्या देशापुढे फळांसमोर बसलीस. तू त्या सिनेमात गेली नसतीस तर मला कोणी काही विचारलं नसतं." आणि ती आपले कपडे घेऊन परिचारिकांच्या वसतिगृहात राहायला गेली.

मी कंपनीला पत्र लिहिले, कंपनीच्या वकिलाला लिहिले, मंत्रालयाला लिहिले. इतका संताप मी पुन्हा कधी टंकयंत्रावर उतरवला नाही. बाईंनी एकही पत्र वाचून घेतले नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी वस्तीतल्या सात-आठ बायका गोळा केल्या आणि मला म्हणाल्या, "चला. तिकिटं काढलीत."

चटई पडद्यावर आली, बासरी सुरू झाली, आणि बाई अंधारात उभ्या राहून स्तोत्र गाऊ लागल्या. पडद्यावरच्या ओठांशी आवाज तंतोतंत जुळत होता. ते काम त्यांचे जन्माचे होते, फक्त उलट्या बाजूने. बायकांनी साथ धरली. सभागृहातून "शेकेत! शेकेत!" म्हणजे गप्प बसा, असा ओरडा झाला, शिट्ट्या झाल्या, कोणी सूर्यफुलाच्या बिया फेकल्या. व्यवस्थापक टॉर्च घेऊन धावत आला.

"बाहेर व्हा!"

मी उठलो आणि तिकिटाची मागची बाजू त्याच्याच टॉर्चखाली धरली. "येथे धूम्रपानास मनाई आहे. थुंकण्यास मनाई आहे. गाण्यास मनाई असल्याचे आपण दाखवून द्यावे."

"अहो, हा सिनेमा आहे!"

"आणि संगीतमय आहे. तशी जाहिरात आपणच केली आहे."

तो माझ्याशी वाद घालीत राहिला, तोवर कडवे संपले. पुढे आम्ही रोज गेलो; तिसऱ्या संध्याकाळी मात्र निराळेच घडले. मागल्या बाकावरचा एक म्हातारा मोरोक्कन ओरडता ओरडता थांबला. शब्द त्याच्या ओळखीचे होते. शनिवारी शब्बाथ सरताना हे स्तोत्र त्याच्याही घरी गात असत. तो आपल्या चालीत गाऊ लागला. मग पोलंडकडच्या कोणीतरी आपली चाल लावली. तीन चालींचा तो गोंधळ कानांना असह्य होता. व्यवस्थापक टॉर्च विझवून दाराशी उभा राहिला. पडद्यावर खिसेकापू काहीतरी बोलला. ते कोणालाच ऐकू गेले नाही.

त्याच आठवड्यात कंपनीच्या वकिलाचे उत्तर आले. तेल अवीवच्या स्टुडिओत येऊन गाणार असाल, तर पुढच्या प्रतींत आपला आवाज घालण्याचा विचार करू. मी ते पत्र घेऊन अक्षरशः धावत धुलाईखान्यात गेलो. बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, ऐकून घेतले आणि पुन्हा इस्त्री उचलली.

"नाही जायचं."

"बाई, आपण जिंकलो आहोत!"

"तिथं काचेच्या खोलीत उभी करतील. हात वर केला की गायचं, खाली केला की गप्प. पटलं नाही तर पुन्हा. नवस बोलले मी, वकीलसाहेब. तो एकदाच बोलायचा असतो."

"मग थिएटरात रोज गाता ते काय?"

"ते मागणं नाही. ती साक्ष आहे. तुम्हाला कळायला पाहिजे."

मी त्यांच्यावर इतका चिडलो की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आजही माझे मत आहे की त्या चुकल्या. त्यांनी होकार दिला असता तर आज अभिजात म्हणवणाऱ्या त्या चित्रपटात आमचा आवाज असता. आणि तरीही, हा युक्तिवाद मी जितक्या वेळा मनात मांडतो तितक्या वेळा तो कुठेतरी अडखळतो. दिलेला आवाज आणि काढून घेतलेला आवाज, दोन्ही कंपनीच्याच कपाटात राहिले असते.

शेवटच्या खेळाच्या संध्याकाळी बाईंचा घसा पुरता बसला होता. बायकांनी आल्याचा रस पाजला, उपयोग झाला नाही. "ओठ हलवीन," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ते जमतं मला." चित्रपट निम्मा झाल्यावर रूथ आली. कामावरून थेट आली असावी, अंगात गणवेश होता. आमच्याच रांगेत, आईपासून एक खुर्ची सोडून बसली. दोघी एकमेकींकडे पाहिनात.

चटई आली. बाई उभ्या राहिल्या. तोंड उघडले आणि हवेखेरीज काही निघाले नाही. सुरुवात नेहमी त्याच करीत. बायका त्यांच्या सुराची वाट पाहत राहिल्या, आणि बासरी एकटीच वाजत पुढे गेली. मला वाटले, संपले. तेवढ्यात रूथ उभी राहिली. तिने स्तोत्र धरले ते आमच्याच कोकणी चालीत. ही चाल तिला येते हे मला ठाऊक नव्हते. मला वाटते, तिलाही नव्हते. सूर फार वरचा लागला होता, ओळीच्या टोकाला आवाज फाटत होता, तरी ती थांबली नाही. बायका तिच्यामागे गेल्या. मिलकाबाई मुलीकडे न पाहता, पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत, ओठ हलवीत राहिल्या.

पुढचे सर्वांना माहीत आहे. त्या उन्हाळ्यात आमची माणसे जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसली, आणि फर्मानाचे शब्द बदलले. रूथ आणि लेऑनचे लग्न कोणी पाण्यात न शिरता झाले. बाईंनी ते पाहिले, नातू पाहिला, आणि त्या वारल्या. परंतु त्या संध्याकाळी यांतले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्याआधी लग्न होईल की कधीच होणार नाही, हेही कोणी सांगू शकत नव्हते. आम्ही थिएटरबाहेर उभे होतो, वाळूचा वारा सुटला होता, आणि रूथ टोपीच्या पिना काढत आईकडे न बघता म्हणाली, "मी लेऑनला सांगितलंय. पाण्यात जाणार नाही. थांबायचं तर थांब, नाहीतर नको."

बाईंनी घसा खाकरला. आवाज निघायला वेळ लागला.

"सूर केवढा वर लावलास गो," त्या म्हणाल्या. "उद्या घरी ये. नीट बसवून देते."